घोडा गेला, डॉक्टर राहिला

मंदी आली की माणसं घरखर्चातून काय काय कमी करतात, याची एक ठरलेली यादी असते. आधी नवे कपडे जातात, मग हॉटेलातलं खाणं, मग मासिकाची वर्गणी. कवितेचं पुस्तक तर मंदी उंबऱ्याशी येण्याआधीच यादीतून गेलेलं असतं. हे मी अनुभवाने सांगतो. मग या यादीत जनावरांच्या डॉक्टरची फी कुठे येत असेल? पोराच्या खोकल्याला औषध आणताना जिथे दहादा विचार होतो, तिथे गाईच्या पोटफुगीसाठी किंवा कुत्र्याच्या मोडलेल्या पायासाठी पैसे कोण काढणार? साध्या तर्काने पाहिलं, तर मंदीत सगळ्यांत आधी कुलूप लागायला हवं ते जनावरांच्या दवाखान्याला.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत ब्रिटनमधल्या पशुवैद्यांवर एकामागून एक तीन घाव पडले. ज्या घोड्यावर त्यांचा धंदा उभा होता, तो घोडा गेला. मग शेती बसली. मग १९२९ची जागतिक मंदी आली. तरीही हा व्यवसाय मोडला नाही. का मोडला नाही आणि त्याच्या टिकण्याची किंमत कोणी दिली, हे दोन्ही पाहण्यासारखं आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याला जनावरांचा डॉक्टर म्हटलं की सरकारी माणूस आठवतो. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी कौलारू दवाखाना, पुढे लोखंडी खोडा, त्यात अडकवलेला बैल, आणि कंपाउंडरच्या हातात भलीमोठी पिचकारी. पाऊस पडो न पडो, त्या डॉक्टरचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्याचं तसं नव्हतं. त्याची स्वतःची पाटी, स्वतःची गाडी, स्वतःची उधारीची वही. गावातल्या किराणा दुकानदाराची जी गत, तीच त्याची. शेतकऱ्याकडे पैसा आला नाही की त्याच आठवड्यात याच्या घरी कळायचं.

या डॉक्टरांचा वंश शोधत गेलं, तर तो नालबंदाच्या भात्यापाशी पोचतो. युरोपात शतकानुशतकं घोड्याला नाल ठोकणाराच त्याचं दुखणंखुपणंही बघायचा. आपल्याकडेही घोड्याचा नाल आणि घोड्याचं औषध फार लांब नव्हते. उर्दूत घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणतात. हा शब्द आला शालिहोत्र या नावावरून. संस्कृतातलं अश्ववैद्यक याच शालिहोत्र ऋषींच्या नावावर सांगितलं जातं. म्हणजे संस्कृतातला ऋषी उर्दू बोलणाऱ्या पागेत जाऊन सलोत्री झाला, आणि नालबंद हे आडनाव होऊन आजही आपल्या गावांत नांदतं आहे. शब्दांच्या बाबतीत घोडा फार उदार प्राणी.

नालबंदाच्या भात्यापासून पशुवैद्य वेगळा झाला तो अठराव्या शतकात. फ्रान्समधल्या लियाँ शहरात क्लोद बूर्जला यांनी १७६२ साली जगातली पहिली पशुवैद्यकाची शाळा काढली. बूर्जला हे घोडेस्वारीचे उस्ताद. पण शाळेला सरकारचा पाठिंबा मिळाला त्यामागे गुरांची बुळकांडी होती. या रोगाने युरोपातले गोठेच्या गोठे रिकामे होत होते. लंडनला असं कॉलेज निघालं १७९१ साली आणि पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजला सनद मिळाली १८४४ साली. आपल्या मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेही याच परंपरेचं. ब्रिटनमध्ये १८८१च्या कायद्याने ‘पशुवैद्य’ ही पदवी लावायचा हक्क फक्त शिकलेल्यांना दिला. पण उपचार करायला मात्र कुणालाही मोकळीक होती, ती थेट १९४८ सालापर्यंत. त्यामुळे शिकलेल्या पशुवैद्याला गावातला लोहार, जाणता गुराखी आणि बाटलीबंद रामबाण औषध विकणारा फिरता विक्रेता, या सगळ्यांशी स्पर्धा करावी लागे.

स्पर्धा असली तरी एकोणिसाव्या शतकात पोटाची चिंता नव्हती, कारण घोडा होता. शहरातली बस घोड्यांची, पोलादाच्या कारखान्यातला माल घोड्यांवर, दूध घोड्यावर, प्रेतयात्रासुद्धा घोड्यांची. लंडनच्या एका घोडाबससाठी दिवसभरात पाळीपाळीने दहा-बारा घोडे लागत. एवढी जनावरं दगडी रस्त्यावर धावणार म्हणजे कुणाचा खूर दुखावणार, कुणाला पोटशूळ होणार. मोठ्या कंपन्या आपल्या पागेसाठी पशुवैद्य पगारावर ठेवत. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमातही घोडा हा राजा, बाकीचे सगळे त्याचे मांडलिक.

मग मोटार आली. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीची शेवटची घोडाबस २५ ऑक्टोबर १९११ रोजी धावली. पहिल्या महायुद्धाने घोड्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना आणखी काही वर्षं काम दिलं. युद्ध संपल्यावर शहरांतून घोडा हटत गेला. पाठोपाठ १९२१ साली ब्रिटिश सरकारने धान्याला दिलेली किमतीची हमी काढून घेतली आणि शेतीचे भाव कोसळले. शहरात घोडा नाही आणि खेड्यात पैसा नाही. पशुवैद्यकाकडे नवी मुलं यायची कशाला?

या प्रश्नाचं सरकारने स्वतःपुरतं एक उत्तर काढलं. ग्लासगोमध्ये १८६२ सालापासून एक पशुवैद्यक कॉलेज होतं. १९२५ साली त्याचं सरकारी अनुदान बंद झालं. स्कॉटलंडमध्ये एडिंबराचं एक कॉलेज पुरे, असा तो हिशेब. पण ग्लासगोच्या कॉलेजने दार लावलं नाही. प्राचार्य व्हाइटहाउस आणि त्यांचे मोजके सहकारी फीच्या पैशावर ते रेटत राहिले. जुनाट इमारत आणि कमी पगाराचे शिक्षक. नापास होणाऱ्या पोरांना काढून टाकायचीही फार घाई नसे, कारण तीही फी भरत होती! या कॉलेजने असे चोवीस वर्षं दिवस काढले आणि १९४९ साली ते ग्लासगो विद्यापीठात सामील झालं. अनुदान बंद झालं की संस्था मरते असं आपण धरून चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

व्हाइटहाउस शाळाशाळांत जाऊन मुलांना आपल्या कॉलेजात बोलावत. श्रीमंत व्हाल असं आश्वासन ते देत नसत. आयुष्य कंटाळवाणं होणार नाही, एवढंच सांगत. त्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांत आल्फ वाइट नावाचा एक मुलगा होता. १९१६ साली संडरलंडला जन्मलेला, ग्लासगोत वाढलेला. घर संगीताचं. वडील जहाजबांधणीच्या कामावर, आणि मूकपटांच्या थिएटरात वाद्यही वाजवणारे. बोलपट आले आणि थिएटरांतल्या वादकांचा तो सगळा व्यवसाय दोन-चार वर्षांत पुसला गेला. घोडा गेल्यावर पशुवैद्याचंही तसंच व्हायला हवं होतं. पण आल्फ पशुवैद्यकाला गेला, डिसेंबर १९३९मध्ये पदवीधर झाला आणि १९४० साली यॉर्कशरमधल्या थर्स्क या छोट्या बाजारगावात डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या दवाखान्यात रुजू झाला. पुढे याच माणसाने जेम्स हेरियट या टोपणनावाने पुस्तकं लिहिली. पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करायची नाही असा नियम होता, म्हणून टोपणनाव. आणि ते उचललं एका फुटबॉलच्या गोलरक्षकाचं!

हेरियटची पुस्तकं मी कॉलेजच्या दिवसांत इंग्रजी सुधारावं म्हणून वाचायला घेतली. इंग्रजी होतं तिथेच राहिलं, गाई मात्र लक्षात राहिल्या. लेखक थर्स्कला आला १९४० साली, पण पुस्तकातला नायक गावात येतो १९३७ साली. म्हणजे लेखकाने आपली गोष्ट तीन वर्षं मागे, मंदीच्या सावलीत नेऊन ठेवली. त्यामुळे ही पुस्तकं साक्षीपुरावा म्हणून जपून वापरावी लागतात. तरी त्या काळाचा वास त्यांत खरा आहे. नोकरीच्या जाहिरातीत फक्त राहण्या-जेवणावर काम करायला तयार असलेले पदवीधर आहेत. डॉक्टरला बोलावण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे इलाज करून पाहणारे शेतकरी आहेत. आणि शेकोटीवरच्या फळीवर एक भांडं आहे, ज्यात वसूल झालेल्या नोटा कोंबलेल्या असतात. दवाखान्याची सगळी तिजोरी ती एवढी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९३३च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जवळपास तीस लाख लोक बेकार होते. अशा वेळी शेतकरी पशुवैद्याला बोलावतच का होता?

याचं उत्तर गोठ्यात आहे. चांगल्या दिवसांत आजारी गाय विकून दुसरी घेता येते. वाईट दिवसांत दुसरी घ्यायला पैसा नसतो, म्हणून आहे तीच वाचवावी लागते. गोठ्यात पंधरा गाई असतील आणि त्यातली एक मेली, तर पंधरावा हिस्सा उत्पन्न गेलं. डॉक्टरची फी त्यापुढे काहीच नाही. हा हिशेब आपल्या दुष्काळी भागातल्या कुणाही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. त्यातून ब्रिटनमधल्या शेतकऱ्याला याच काळात दुधाचा आधार मिळाला. धान्याला भाव नव्हता, पण १९३३ साली दूध विक्री मंडळ स्थापन झालं. आपलं दूध घेतलं जाईल आणि त्याचे पैसे ठरल्या दिवशी येतील, याची शाश्वती आली. १९३४ साली शाळांमधून मुलांना स्वस्त दूध देण्याची योजना निघाली. घोड्याची जागा गाईने घेतली ती अशी. पशुवैद्यही पागेतून निघून गोठ्यात शिरला.

गोठ्यात शिरून त्याने नेमकं काय केलं? एक उदाहरण पुरे. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत एकाएकी बसते. उठत नाही, मान कुशीला वळवून पडते, अंग गार होतं. हा दुग्धज्वर, नावात ज्वर असला तरी ताप नसतो. पूर्वी अशा बहुतेक गाई दगावत. कुणी देवाचा कोप म्हणे, कुणी रक्त काढी. पुढे कासेत हवा भरून गाय वाचवण्याची युक्ती सापडली, पण कारण कळत नव्हतं. १९२०च्या दशकात ड्रायर आणि ग्रेग या स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दुधावाटे कॅल्शियम भराभर निघून गेल्याने रक्तातलं कॅल्शियम घसरतं. मग कॅल्शियमच्या द्रावणाची बाटली शिरेतून द्यायची पद्धत आली. मेल्यासारखी पडलेली गाय, मालकाच्या डोळ्यांदेखत, बाटली संपता संपता ढेकर देते, थरथरते आणि काही वेळात उठून उभी राहते. प्रतिजैविकं अजून यायची होती. पेनिसिलिन गोठ्यात पोचलं ते युद्धानंतर. पण या एका बाटलीने लोहार आणि गुराखी मागे पडले. ज्याने अशी गाय उठताना एकदा पाहिली, तो पुढच्या वेळी शेजाऱ्याला विचारत बसला नसेल.

दुसरा आधार आला सरकारकडून, आणि तो क्षयामुळे. तीसच्या दशकात ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंपैकी साधारण पाचांतल्या दोन क्षयाने बाधित होत्या. त्यांच्या कच्च्या दुधातून हा रोग माणसांना, विशेषतः लहान मुलांना होई, आणि दर वर्षी हजारोंचे बळी जात. शाळेत मुलांना दूध द्यायचं तर ते रोगमुक्त हवं. १९३५ साली योजना आली: ज्याचा गोठा तपासणीत क्षयमुक्त ठरेल, त्याला दुधाला जादा पैसे. ही तपासणी करणार पशुवैद्य. गाईच्या मानेवरचे केस कातरायचे, कातडीची जाडी मोजायची, ट्युबरक्युलिनची सुई टोचायची. तीन दिवसांनी परत जायचं आणि सूज मोजायची. काम अतिशय रटाळ. पण याचे पैसे मंत्रालयाकडून येत. शेतकऱ्याच्या मागे लागावं लागत नसे. आल्फ वाइट यांनी थर्स्कला आल्यावर लेबर्नच्या बाजूला डोंगरखोऱ्यांत हे काम पुष्कळ केलं. पुस्तकांत रात्री-अपरात्री अडलेल्या गाईची सुटका करणारा डॉक्टर आपल्याला दिसतो. त्याच्या घराचं भाडं मात्र बरंचसं या केस कातरण्यातून आणि सूज मोजण्यातून निघत होतं, असं माझं वाचन आहे. १९६०च्या ऑक्टोबरपर्यंत ब्रिटनभरच्या सगळ्या गोठ्यांचा या योजनेत समावेश झाला. पंचवीस वर्षं चाललेलं काम!

मात्र या टिकण्याची एक बाजू कुणी फारशी सांगत नाही. मंदीत दवाखाना चालू राहिला, कारण त्याचा खर्च फार कमी होता. घर आणि दवाखाना एकाच छपराखाली. औषधं घरच्या घरी कालवलेली. आणि मदतीला तरुण पदवीधर, जो पगाराऐवजी जेवणावर राही. पाच-सहा वर्षं शिकून आलेल्या पोरांनी आपली उमेदीची वर्षं अशी घातली. व्यवसाय तगला म्हणताना ती पोरंही हिशेबात धरायला हवीत.

हे झालं खेड्याचं. शहरातल्या पशुवैद्याला गाय मिळणार नव्हती. त्याचा रस्ता एका बाईने मोकळा केला, तोही त्याच्या मनाविरुद्ध. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत, पहिलं महायुद्ध चालू असताना, नोव्हेंबर १९१७मध्ये मारिया डिकिन यांनी एका तळघरात आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. भाजीवाल्यांची गाढवं, गल्लीतली कुत्री, मांजरं, सगळ्यांची रीघ लागली. मग शाखा निघाल्या, फिरते दवाखाने निघाले. पदवीधर पशुवैद्य भडकले. न शिकलेली माणसं उपचार करतात, आणि तेही फुकट, म्हणजे आमच्या पोटावर पाय. पहिली तक्रार रास्त होती. दुसरी मला पटत नाही. ज्याच्याकडे फी द्यायला पैसे नव्हते, तो डिकिनबाई नसत्या तरी डॉक्टरकडे गेला नसता. उलट, कुत्र्या-मांजरालाही दवाखान्यात न्यायचं असतं ही सवय त्या तळघरातून शहरभर गेली. त्यांच्या हाताला पैसा आला तेव्हा हीच घरं पाटी असलेल्या डॉक्टरकडे वळली असतील.

पण या मायेवर किती विसंबायचं, हे १९३९च्या सप्टेंबरने दाखवलं. युद्ध पुकारलं गेलं आणि पहिल्या आठवड्यातच लंडनमध्ये सुमारे चार लाख कुत्री आणि मांजरं त्यांच्या मालकांनीच नेऊन मारवली. अजून एक बॉम्ब पडला नव्हता, रेशन लागू झालं नव्हतं. शक्य तर जनावरं खेड्यात पाठवा, नाहीतर त्यांना शांतपणे मारणं बरं, असा सल्ला सरकारी पत्रकात होता, सक्ती नव्हती. दवाखान्यांसमोर रांगा लागल्या. क्लोरोफॉर्म कमी पडू लागला. जे डॉक्टर वर्षभर या जनावरांना जगवत होते, त्यांच्याच हातून हे झालं. ब्रिटिश इतिहासकार हिल्डा कीन यांनी २०१७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं, तोवर ही गोष्ट तिथेही बहुतेकांच्या विस्मरणात गेली होती.

युद्धानंतरची कथा सरळ आहे. १९४८च्या कायद्याने न शिकलेल्यांना उपचाराची मनाई झाली. ट्रॅक्टरने शेतातला घोडाही घालवला. शहरांत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढले. १९५७ साली लहान प्राण्यांच्या डॉक्टरांनी स्वतःची संघटना काढली. २००१ साली लाळ-खुरकताची साथ आली आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, तेव्हा खेड्यातल्या पशुवैद्यांचे गोठेच नाहीसे झाले. शहरातल्यांना त्याची झळ बसली नाही. २००८ची मंदी तर बहुतेकांनी पचवली. अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या व्यापाराचे आकडे पाहा: २००८ साली एकूण खर्च सुमारे ४३ अब्ज डॉलर, आणि २००९ साली, बँका बुडत असताना, ४५ अब्जांच्या वर. माणसांनी मोटारी घेणं थांबवलं. कुत्र्याच्या डॉक्टरकडे जाणंही काहींनी पुढे ढकललं; पण एकूण खर्च चढताच राहिला.

हे आकडे दुसऱ्या कुणीतरीही वाचले. मंदीत न बुडणारा धंदा म्हटल्यावर पैसेवाल्यांचे डोळे तिकडे वळणारच. चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीने २०१७ साली अमेरिकेतली व्हीसीए ही जनावरांच्या दवाखान्यांची साखळी ९.१ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. ब्रिटनमध्ये २०१३ साली दहांतला एक दवाखाना मोठ्या कंपन्यांच्या मालकीचा होता. दहा वर्षांत दहांतले जवळपास सहा झाले. पाटी जुनीच, डॉक्टरचं जुनं नावही तसंच, मालक मात्र दुसरा. २०२३ साली तिथल्या स्पर्धा नियामकाने लोकांना त्यांचे अनुभव विचारले, तर ५६ हजार उत्तरं आली. नियामकाच्या ऑक्टोबर २०२५मधल्या प्राथमिक निष्कर्षांनुसार २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनी वाढले, महागाईपेक्षा कितीतरी जास्त. मंदीत शेतकरी बिल थकवायचा आणि डॉक्टर सांभाळून घ्यायचा. त्या उधारीच्या वहीला या नव्या हिशेबात जागा उरलेली नाही. तरुण डॉक्टर आता जेवणावर राबत नाही, हे चांगलंच झालं. वाढलेलं बिल आता म्हाताऱ्या मांजराला पिशवीत घालून आणणाऱ्या पेन्शनरबाईंच्या हातात पडतं.

पशुवैद्य नसलेल्यालाही दवाखान्याचा मालक होता येईल, ही मुभा ब्रिटनमध्ये १९९९ साली मिळाली. थर्स्कमधल्या २३ किर्कगेट या घरात आल्फ वाइट यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्या घराचं संग्रहालयही १९९९ सालीच उघडलं. तिथे तिकीट काढून आत गेलं, की औषधं कालवण्याची जुनी खोली आणि फळ्यांवर लेबलं लावलेल्या बाटल्या पाहायला मिळतात.